खालची पट्टी

बावीस वर्षं मी बाजाराच्या बातम्या सांगितल्या
आणि वडिलांनी एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.
ते बघायचे खालची पट्टी,
उजवीकडून डावीकडे सरकणारी,
हिरवे बाण, तांबडे बाण.
म्हणायचे, पहिल्यांदा काठ बघावा.
काठ ओढला असेल तर आत कितीही मोर काढा,
चादर परत येते.

आमच्या घरात आकडे आले ते आईकडून.
हजार विड्या, त्यातल्या छाट किती.
कारखान्यातला मुनीम बोटानं बाजूला सारायचा
आणि उरलेल्या पासबुकात मांडायचा.
मी दुसरीत. मला वाचता यायचं, आईला नाही.
एकदा म्हटलं, अम्मा, सत्तर काढल्या, नव्वद लिहिल्या.
साखर पेठेतल्या त्या खोलीत
तंबाखूनं खोकत, उभ्या उभ्या
मी पहिलं बुलेटिन दिलं.
वीस विड्या परत आल्या.
मुनीम त्यानंतर मला बघून पेन झाकायचा.

मुंबईत कॅमेऱ्यासमोर बसले तेव्हा
संपादक टिपणीस म्हणाले,
हेमलता बिंगी, आकडे चोख आहेत तुमचे,
पण हे 'बाजार पडायलाय' चालायचं नाही.
पडतो आहे, म्हणा.
तीन महिने मी आरशासमोर बाजार पाडला.
मग जमलं. इतकं जमलं की
घरी फोनवर तेलुगू, भाजीवालीशी कन्नड
आणि दिव्यांखाली
कुणाच्याच गल्लीत न बोलली जाणारी मराठी.

कानात एक बटण. बटणात एक माणूस.
दहा सेकंद. पाच. गुंडाळ.
मी अर्थसंकल्प गुंडाळले,
एका सहकारी बँकेचं बुडणं दीड मिनिटात,
तिच्या दारातल्या रांगेसकट.
जाहिराती लागल्या की कुणीतरी कपाळावरचा घाम टिपायचं,
परत आलो की मी ताजी.

एकदा आपल्या गावाची बातमी आली.
चाळीस सेकंद.
सूत महागलं, निर्यात अडली, माग थांबले.
शेवटचं वाक्य लिहून आलं होतं:
'या क्षेत्रात एकत्रीकरणाची शक्यता.'
वाचलं.

त्याच आठवड्यात आमचे माग किलोवर गेले.
काटा भंगारवाल्याचा, फळी ट्रकची,
आणि भिंतीवर चाळीस वर्षांच्या तेलाचे डाग,
ते तेवढे कुणी तोलले नाहीत.
जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ वडिलांनी ठेवून घेतली,
भोकाभोकांची.
रात्री फोनवर विचारलं,
एकत्रीकरण म्हणजे काय गं?
म्हटलं, नायना, लाइन कट व्हायलीय.

कट होत नव्हती.

यंदा मार्चमध्ये आमची वाहिनीच विकली गेली.
ती बातमीही मलाच दिली, दोन वाक्यं,
'रक्कम जाहीर करण्यात आलेली नाही.'
बटण काढून टेबलावर ठेवलं.
त्यातून तो अजून बोलत होता, बारीक,
डबीत कोंडलेल्या किड्यासारखा.

आता अशोक चौकात चहाला थांबले की
लोक विचारतात, मॅडम, सध्या काय घ्यावं?
मी म्हणते, चहा.
हसतात, आणि थोडं जवळ सरकून
पुन्हा तेच विचारतात.

संध्याकाळी नायना टीव्ही लावतात.
दुसरी वाहिनी, दुसरी मुलगी, बाण तेच.
पुठ्ठ्यांची माळ खिडकीला टांगलेली,
तिच्या भोकांतून उन्हाचे ठिपके
त्यांच्या धोतरावर, माझ्या पायांवर.
माझ्याकडे न बघता म्हणतात,
ते एकत्रीकरण तू सांगायचं राहिलंय.

कानात कुणी नाही.
दहा नाही, पाच नाही.
मी आवाज बंद करते. पट्टी चालूच राहते.
म्हणते, नायना,
आपले माग चार होते ना?